सच्छिद्र पाईपची भूमिगत निचरा प्रणाली : सखल जमिनीतील तीन पावसाळ्यांचा अनुभव

माझी दोन हेक्टर जमीन आजूबाजूच्या शिवारापेक्षा खाली, लवणात आहे. वरच्या शेतांवर पडलेला पाऊस वाहत येऊन शेवटी माझ्याच बांधाशी थांबतो आणि तो ओसरल्यावरही जमीन कितीतरी दिवस वाफशावर, म्हणजे मशागत करता येईल अशा बेताच्या ओलीवर, येत नाही. तीन पावसाळ्यांपूर्वी मी या जमिनीत सच्छिद्र पाईपची भूमिगत निचरा प्रणाली बसवून घेतली. पाईपबद्दल माझी तक्रार नाही. बसवणाऱ्या ठेकेदाराने जे मोजायला हवे होते ते मोजले नाही आणि ही प्रणाली नेमक्या कोणत्या पाण्यासाठी असते हे मला आधी नीट सांगितले नाही, ही माझी तक्रार आहे. ज्यांची जमीन अशीच खोलगट आहे आणि जे या खर्चाचा विचार करत आहेत, त्यांना या दोन गोष्टी आधी कळाव्यात म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रणाली बसवण्यापूर्वीची स्थिती सांगितल्याशिवाय फरक कळणार नाही. मोठा पाऊस होऊन गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी जमिनीचा वरचा पापुद्रा वाळलेला दिसे, परंतु कुदळीचा एक घाव घातला की खाली काळपट, चिकट गारा निघे. एकदा मी गिरमिटाने सव्वा मीटर खोल भोक पाडून पाहिले. वरच्या अर्ध्या मीटरची माती तपकिरी होती, त्याखाली ती करडी-निळसर होत गेली होती, तिच्यात गंजाच्या रंगाचे ठिपके होते आणि सडक्या अंड्यासारखा वास येत होता. तासाभरात त्या भोकात जमिनीच्या पृष्ठभागापासून ३५ सेंटीमीटरपर्यंत पाणी चढून आले. करडा रंग आणि गंजाचे ठिपके म्हणजे त्या थरात वर्षातला बराच काळ हवा पोहोचत नाही, याची जमिनीनेच दिलेली नोंद असते. पाण्यातून प्राणवायूचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी मंद होतो, त्यामुळे मातीतली छिद्रे पाण्याने भरली की मुळे गुदमरतात. माझ्याकडे उपटलेल्या रोपांची मुळे पांढरी असण्याऐवजी तपकिरी, मऊ आणि टोकाशी झडलेली असत, आणि दिलेल्या नत्राचा काही भाग जिवाणू वायुरूपाने हवेत सोडून देत. पीक पिवळे पडले की मी आणखी खत देत असे. त्या काळात पिकाची खरी गरज खताची नसून हवेची होती, हे मला फार उशिरा उमगले.

आता प्रत्यक्ष वस्तूविषयी. पाईप नालीदार, लवचीक प्लास्टिकचा असतो, गुंडाळीच्या स्वरूपात येतो आणि त्याच्या नाल्यांच्या खोलगट भागात बारीक छिद्रे असतात. शेतात समांतर टाकायच्या लॅटरल ओळींसाठी मी ८० मिलिमीटर व्यासाचा आणि त्या सर्वांचे पाणी गोळा करणाऱ्या कलेक्टरसाठी १६० मिलिमीटर व्यासाचा पाईप घेतला. लॅटरलवर कापडी फिल्टर आधीच गुंडाळलेला होता. पूर्वी हेच काम भाजलेल्या मातीच्या नळ्या एकापुढे एक मांडून केले जात असे. अमेरिकेत ही पद्धत रुजवण्याचे श्रेय ज्या जॉन जॉन्स्टन यांना दिले जाते, त्यांनी १८३५ मध्ये आपल्या मूळ देशातून, स्कॉटलंडमधून, अशा नळ्यांचे नमुने मागवले आणि पुढे त्यांवरून बनवलेल्या नळ्या न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या शेतात बसवल्या होत्या. नालीदार प्लास्टिक १९६० च्या दशकात आले आणि त्याने मजुरी व वजन दोन्ही कमी केले, परंतु तत्त्व तेच राहिले. पाईप पाणी ओढून घेत नाही. भूजलाची पातळी पाईपच्या वर चढली की पाणी स्वतःच्या वजनाने छिद्रांतून आत येते, बरेचसे तर खालून आणि बाजूने येते, आणि उताराने वाहून जाते. पातळी पाईपखाली गेली की वाहणे थांबते, त्यामुळे पिकाला उपयोगी पडणारा, मातीच्या कणांनी धरून ठेवलेला ओलावा हा पाईप काढून नेत नाही. 'जमीन कोरडी पडेल' ही भीती मला अनेकांनी घातली होती. ती निराधार होती, हे तीन उन्हाळ्यांनंतर खात्रीने सांगतो.

पाईपचा दर्जा चांगला निघाला. दुसऱ्या वर्षी एका ठिकाणी उकरून पाहिले तेव्हा तो चपटा झालेला नव्हता, छिद्रे मोकळी होती आणि फिल्टरवर मातीचा पातळ थर असला तरी पाणी त्यातून झिरपत होते. एक गोष्ट मात्र विकत घेताना विचारून घ्यावी. बारीक वाळू किंवा पोयट्याच्या जमिनीत फिल्टर अत्यावश्यक असतो, कारण असे कण सहज वाहून पाईपमध्ये बसतात. भारी चिकण मातीत, जिचे कण एकमेकांना धरून राहतात, तिथे बहुधा त्याची गरज नसते. माझ्या शेताचा एक कोपरा अशाच चिकण मातीचा आहे आणि तिथेही फिल्टरचे पैसे मी भरले.

बसवण्याच्या कामाबद्दल लिहिताना माझा सूर बदलतो. शेत २०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद आहे. ठेकेदाराने सर्वत्र १५ मीटर अंतर ठेवून प्रत्येकी सुमारे १०० मीटरच्या १३ लॅटरल टाकल्या आणि खालच्या बांधालगत २०० मीटरचा कलेक्टर टाकून तो ओढ्याला जाऊन मिळणाऱ्या चरात सोडला. खोदाई यंत्र आले, चार दिवसांत चर खोदले गेले, पाईप अंथरून माती लोटली गेली आणि शेत पूर्ववत दिसू लागले. कामाचा वेग पाहून मी तेव्हा खूश झालो होतो.

मी जे गणित नंतर केले ते कोणत्याही शेतकऱ्याने आधी करून पाहावे, कारण त्याला कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी एवढेच लागते. लॅटरलचे वरचे टोक किमान १ मीटर खोल हवे. तिला ०.२ टक्के उतार दिला तर १०० मीटरवर ती २० सेंटीमीटर खाली जाते. कलेक्टरला ०.१ टक्का उतार दिला तर २०० मीटरवर आणखी २० सेंटीमीटर. म्हणजे सपाट जमिनीत पाईपचे तोंड चरात उघडते तेव्हा ते पृष्ठभागाखाली १.४ मीटरवर असते. हे तोंड चरातल्या नेहमीच्या पाण्याच्या किमान ३० सेंटीमीटर वर असावे, नाहीतर ते गाळाने किंवा पाण्याने बुडते. याचा अर्थ चरात नेहमी १० सेंटीमीटरच पाणी असते असे धरले, तरी तो किमान १.८ मीटर खोल असायला हवा होता. माझा चर गाळ साचून १.५ मीटरच उरला होता. मोजायला पाच मिनिटे लागली असती. ठेकेदाराने मोजले नाही, मीही मोजले नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात पाईपचे तोंड चरातल्या पाण्याखाली गेले. पुराच्या दिवशी तर चराचे पाणी उलट पाईपमधून शेतात शिरले. तोंडाजवळच्या निरीक्षण नळीत काठी घालून पाहिली तेव्हा पाण्याची खूण आधीच्या दिवसापेक्षा वर आलेली होती. ज्या पाईपने पाणी काढायचे, त्याच पाईपने ते आत आणले, हे पाहून त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या पावसाळ्यापूर्वी दोन दुरुस्त्या केल्या. तोंडाला बाहेरच्या बाजूने उघडणारी झडप बसवली. ती आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि बाहेरचे पाणी चढले की मिटते. त्यासोबत उंदीर-घुशी आत शिरू नयेत म्हणून जाळीही लावली. झडपेने उलटा प्रवाह थांबला, परंतु झडप मिटलेली असताना आतले पाणीही बाहेर पडत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. म्हणून दुसरी आणि खरी दुरुस्ती चराची होती. माझ्या हद्दीपुरता गाळ काढून उपयोग नव्हता, कारण खालच्या बाजूला चर उथळच राहिला तर पाणी तुंबून तिथूनच मागे येते. खालच्या चार शेतकऱ्यांशी बोलून, ओढ्याच्या बाजूने सुरुवात करत वरपर्यंत सलग गाळ काढावा लागला. सखल जमिनीचा निचरा एकट्याच्या सातबाऱ्यात बसत नाही. माझ्या शेतात पाईप किती चांगला आहे यापेक्षा माझ्या खालच्या शेजाऱ्याचा चर किती मोकळा आहे यावर माझे पीक अधिक अवलंबून आहे आणि ही गोष्ट मला कोणत्याही माहितीपत्रकात वाचायला मिळाली नाही. ज्यांचा चर असा खोल करताच येत नाही, त्यांच्यासाठी तोंडाशी विहिरीसारखा खड्डा बांधून त्यातले पाणी पंपाने उपसण्याचा मार्ग आहे, मात्र मग पाऊस असेल तेव्हा वीज असेलच याची तजवीज करावी लागते.

दुसरा दोष उताराचा होता. ०.२ टक्के उतार म्हणजे १० मीटरला केवळ २ सेंटीमीटर. खोदाई यंत्राच्या बादलीने तळ सहज चार-पाच सेंटीमीटर वर-खाली होतो, आणि तसा झाला की पाईपमध्ये पोट पडते, त्या पोटात पाणी साचते, पाण्यात गाळ बसतो. १३ पैकी दोन ओळी दुसऱ्या वर्षी जवळजवळ वाहत नव्हत्या. त्यांतली एक उकरली तर बारा-पंधरा मीटरचा भाग अर्ध्याहून अधिक मऊ गाळाने भरलेला निघाला. बोटाने दाबला तर लोण्यासारखा दबत होता. हे काम लेझर लेव्हल लावूनच करायचे असते. यंत्र ठेकेदाराकडे होते, ते पहिल्या दिवशी तिपाईवर उभे केलेलेही मी पाहिले, पण दुसऱ्या दिवसापासून काम नजरेच्या अंदाजाने चालले. शिवाय लॅटरलची वरची टोके झाकण लावून मातीत गाडून टाकली होती. ती एका उभ्या नळीने पृष्ठभागाजवळ आणून ठेवली असती तर पाण्याचा दाब देऊन ओळ धुता आली असती आणि उकरण्याची वेळ आली नसती. माती लोटतानाही आधी भुसभुशीत माती पाईपभोवती हाताने बसवून मग ढेकळे लोटायची असतात. ही काळजी फक्त मी समोर उभा होतो त्या ओळींवर घेतली गेली.

चिकण मातीच्या कोपऱ्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दोन ओळींच्या बरोबर मध्यावर, पाईपपासून सात-साडेसात मीटरवर, जमीन आजही ओली राहते, आणि पाईपलगतचे पीक गुडघाभर असताना तिथले वीतभर असते. याचे कारण पाईपमध्ये नाही, अंतरात आहे. हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम मांडला आणि १९४० मध्ये नेदरलँड्सच्या हूगहाउट यांनी निचऱ्याच्या ओळींतले अंतर काढण्याचे सूत्र दिले, जे आजही वापरले जाते. त्या सूत्राचा व्यवहारातला अर्थ असा की मातीची पाणी वाहू देण्याची क्षमता एक चतुर्थांश असेल तर ओळींतले अंतर सुमारे निम्मे करावे लागते. गिरमिटाच्या भोकातले पाणी उपसून ते पुन्हा किती वेगाने चढते हे मोजले की ही क्षमता कळते. ठेकेदाराने १५ मीटर हे अंतर 'सगळीकडे हेच टाकतो' म्हणून टाकले. ज्याच्याकडे अंतर ठरवण्यासाठी भोकाची चाचणी नाही, त्याच्याकडून काम घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

इतके सगळे असूनही ही प्रणाली मी काढून टाकण्याचा विचार का करत नाही, ते सांगतो. चर मोकळा केल्यावर आलेल्या, म्हणजे दुसऱ्या पावसाळ्यात, मोठ्या पावसाच्या दुसऱ्या सकाळी मी पाईपच्या तोंडाखाली १० लिटरची बादली धरली. ती पाच सेकंदांत भरली. म्हणजे सेकंदाला २ लिटर, दिवसाला सुमारे १,७३,००० लिटर. दोन हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे २०,००० लिटर, त्यामुळे ही प्रणाली दिवसाला साडेआठ मिलिमीटरच्या आसपास पाणी काढत होती. अशा प्रणालीची क्षमता साधारणपणे दिवसाला १० मिलिमीटर धरतात, म्हणून हा आकडा समाधानकारक म्हणावा लागेल. चौथ्या दिवशी तीच बादली भरायला २५ सेकंद लागले आणि पाणी गढूळ नव्हते, नितळ होते. पूर्वी जी जमीन पावसाने उघडीप दिल्यावर नवव्या-दहाव्या दिवशी वाफशावर येई, ती चौथ्या-पाचव्या दिवशी आली. पेरणी आणि आंतरमशागतीच्या दिवसांत या पाच दिवसांचे मोल काय असते, हे सखल जमीन कसणाऱ्याला सांगण्याची गरज नाही. तिसऱ्या वर्षी त्याच ठिकाणी पुन्हा गिरमीट घातले तेव्हा ७० सेंटीमीटरपर्यंत तपकिरी माती लागली, त्यात जुन्या मुळांच्या वाटा आणि गांडुळांची भोके होती आणि तो वास नव्हता.

परंतु याच आकड्यांत प्रणालीची मर्यादाही आहे, आणि ती मला विक्रीच्या वेळी सांगितली गेली नाही. दिवसाला १० मिलिमीटर काढणाऱ्या पाईपसमोर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला निम्मा जरी निचऱ्याला आला, तरी तो काढायला पाच दिवस लागतात; वरच्या शिवारातून वाहून आलेले पाणी त्यात धरलेलेच नाही. पृष्ठभागावर तुंबलेले पाणी आणि जमिनीच्या पोटात चढलेले पाणी हे दोन वेगळे आजार आहेत. पाईप दुसऱ्यावरचे औषध आहे. पहिल्यासाठी वरच्या बांधालगत पाणी अडवून बाजूने वळवणारा उघडा चर, शेतातले खळगे भरून केलेले सपाटीकरण आणि सलग उतार, हेच उपाय आहेत. मी वरच्या बाजूचा चर तिसऱ्या वर्षी काढला. तो पाईपच्या आधी काढला असता तर पाईपवरचा भार कमी झाला असता आणि कदाचित कमी ओळींत काम भागले असते. उघडे चर जागा खातात, त्यांत गवत माजते, औजारे वळवताना त्रास होतो, हे सगळे खरे आहे, तरीही त्यांना पर्याय नाही.

देखभालीत मला सर्वांत जास्त लक्ष तोंडाशी जमणाऱ्या नारिंगी, बुळबुळीत थरावर ठेवावे लागते. मातीतले विरघळलेले लोह पाईपमध्ये हवेच्या संपर्कात आले की जिवाणूंच्या मदतीने त्याचा असा साका तयार होतो आणि तो छिद्रे व फिल्टर बुजवू शकतो. माझ्याकडे तो फक्त एका ओळीत आहे. ज्यांच्या चरात असा नारिंगी साका आधीपासून दिसतो, त्यांनी बारीक विणीचा फिल्टर टाळावा आणि ओळी धुण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी.

आणखी एक गोष्ट मला खटकते. पाईपमधून बाहेर पडणारे नितळ पाणी रिकामे नसते, त्यात विरघळलेले नायट्रेट असते. ते माझे वाया गेलेले खत असते आणि खालच्या ओढ्याचे प्रदूषणही असते. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातल्या शेतांतून असेच वाहून गेलेले नत्र मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात अत्यल्प प्राणवायू असलेल्या पाण्याचा मोठा पट्टा तयार होण्यामागचे एक प्रमुख कारण आहे. तोंडाच्या आधी फळ्या वर-खाली करता येणारी पेटी बसवली तर पीक उभे असताना आणि पाऊस नसताना पाण्याची पातळी हवी तेवढी वर रोखून धरता येते. यंदापासून मी खत एकदम न देता तीन हप्त्यांत विभागून देतो आहे. पेटी पुढच्या उन्हाळ्यात बसवणार आहे.

काही जमिनींत ही प्रणाली घेऊच नये किंवा एकटीच्या भरवशावर घेऊ नये. ज्या चोपण जमिनीत सोडियमने मातीची घडणच मोडली आहे, जिचा सामू (पीएच) ८.५ च्या वर आहे, तिथे पाणी पाईपपर्यंत पोहोचतच नाही. आधी जिप्सम आणि सेंद्रिय खताने माती सुधारावी लागते. नुसती क्षारपड असेल तर मात्र निचरा आणि त्यावरून सोडलेले गोडे पाणी यांनी क्षार खाली धुऊन काढता येतात. कुजलेल्या वनस्पतींच्या, काळ्या हलक्या पाणथळ जमिनीचा निचरा केला की ती खचू लागते. इंग्लंडमधल्या होम फेन या ठिकाणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जमिनीच्या पातळीपर्यंत गाडलेला लोखंडी खांब आज सुमारे ४ मीटर उघडा पडलेला आहे, एवढी तिथली जमीन निचऱ्यानंतर खाली गेली. भारी चिकण मातीत, खर्च परवडत नसेल तर, नांगरासारख्या औजाराने अर्धा-पाऊण मीटर खोलीवर मातीतच बोगदे पाडण्याची, 'मोल ड्रेन' नावाची पद्धत आहे. तिला पाईप लागत नाही, पण ते बोगदे काही वर्षांत ढासळतात आणि पुन्हा पाडावे लागतात.

माझ्या चिकण कोपऱ्यात सध्याच्या ओळींच्या मधोमध आणखी तीन ओळी टाकायच्या आहेत. त्या मी याच पाईपच्या, परंतु फिल्टरशिवाय टाकणार आहे. काम दुसऱ्या ठेकेदाराला दिले असून दर १० मीटरवर चराच्या तळाची पातळी लेझरने मोजून वहीत लिहायची, मी ती पाहिल्याशिवाय माती लोटायची नाही आणि वरची टोके उघडी ठेवायची, एवढ्या तीन अटी त्याने आधीच लेखी मान्य केल्या आहेत.